माध्यमिक स्तरावरील इस्लामी धर्मशिक्षण आणि संकेतस्थळाधारित साधने : एक चिकित्सा

संविधानाच्या अनुच्छेद 28(1) नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत ते असल्यास अज्ञान विद्यार्थ्याच्या पालकाची संमती आवश्यक ठरते. साहजिकच हे शिक्षण बव्हंशी मकतबात किंवा घरी होते. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानुसार शाळकरी वयाची सुमारे 3 टक्केच मुस्लिम मुले मदरशात शिकतात. मकतब मात्र शाळेला पूरक असते. या दोहोंची गल्लत नेहमीच केली जाते.

उलवे येथे सिडकोच्या वसाहतीला 2018 साली खारकोपरपर्यंतची रेल्वे मिळाली. अशा नव्या वस्तीत जुन्या मोहल्ल्यातील उस्ताद हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. मोबाईल मात्र घरोघरी आहे. म्हणूनच साधनांची चिकित्सा अगत्याची ठरते.

पठणाच्या बाबतीत त्यांचा लाभ निर्विवाद आहे. अरबीतील 'से', 'सीन' व 'स्वाद' ही तीन भिन्न अक्षरे देवनागरीत एकाच 'स'मध्ये विरून जातात. उर्दूत ती निरनिराळी लिहिली जातात, पण उच्चार एकच होतो. कारींचे ध्वनिमुद्रित पठण आयतीगणिक पुन्हा पुन्हा ऐकता आल्याने हा भेद कानाला कळतो. परंतु ऐकणे म्हणजे दुरुस्त होणे नव्हे. जीभ कोठे टेकली हे समोर बसलेला उस्तादच पाहतो. ध्वनिफीत हा उस्तादाचा पर्याय मानणे ही तजवीदची समजच चुकीची आहे.

खरी उणीव अर्थाच्या प्रांतात आहे. मुहम्मद शफी अन्सारी यांचा कुरआनचा मराठी अनुवाद आज संकेतस्थळांवर उपलब्ध आहे. तरीही आठवी ते दहावीचा मराठी माध्यमाचा विद्यार्थी अरबी पाठ करतो आणि विवेचन उर्दूत ऐकतो. ज्या भाषेत तो इतिहास व विज्ञान समजून घेतो, त्याच भाषेत धर्माविषयी प्रश्न विचारण्याची संधी त्याला क्वचितच मिळते.

हदीसच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. समाजमाध्यमांतून फिरणारे वचन कोणत्या संग्रहातील, कोणत्या क्रमांकाचे आणि त्याची सनद कशी, हे तपासण्याची सवय लावणे हा या वयातील सर्वांत मोलाचा पाठ होय. 'सुन्नाह डॉट कॉम'सारख्या संकेतस्थळावर ती सोय अरबी व इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातील नववीच्या मुलाला तेथवर कोण नेणार, याचा विचार साधननिर्मात्यांनी नव्हे, मकतबाच्या शिक्षकांनी करावयाचा आहे.