चौकटीत दडलेले टपाल

नोड-रेड हे साधन वर्गात आणावे काय, असा प्रश्न संगणक शिकवणाऱ्या शिक्षकाला पडू शकतो. आयबीएममधील निक ओ'लिअरी व डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी ते 2013 मध्ये तयार केले आणि ते विनामूल्य मिळते. पडद्यावर चौकटी मांडायच्या, त्या तारांनी जोडायच्या, की एका चौकटीतून निघालेला संदेश तारेवरून दुसरीत जातो. कल्पना जुनीच आहे, जे. पॉल मॉरिसन यांनी ती 1970 च्या दशकाच्या आरंभी, आयबीएममध्येच, मांडली होती. या साधनाच्या ई-मेल पाठवण्या-घेण्याच्या चौकटींचाच विचार आम्ही येथे करणार आहोत, आणि तोही भिवंडीच्या निजामपुऱ्यासारख्या ठिकाणचा वर्ग डोळ्यांपुढे ठेवून. यंत्रमागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या मुलांना धागा कोठून कोठे जातो हे सांगावे लागत नाही. तारांचे चित्र त्यांना चटकन पटावे.

ही या साधनाची खरी जमेची बाजू. मुख्याध्यापकांना रोज सकाळी ठराविक सूचना धाडायची असेल तर तीन चौकटी पुरतात. एक वेळ सांगते, दुसरी मजकूर तयार करते, तिसरी टपाल धाडते. शिवाय आपला आराखडा दुसऱ्याला दिला तरी पासवर्ड त्याच्याबरोबर जात नाही, तो वेगळ्या फाइलीत राहतो. हा विचार आम्हांला आवडला.

तक्रार पुढे आहे. मागावर आडवा धागा तुटला की माग थांबवणारी योजना असते. नोड-रेडमध्ये टपाल गेले नाही तर चौकटीखाली लाल खूण उमटते, पण बाकीचा प्रवाह चालूच राहतो. चूक पकडणारी चौकट स्वतंत्रपणे मांडावी लागते आणि नवख्याच्या चित्रात ती बहुधा नसते. मॉरिसन यांच्या पद्धतीत तारेची साठवण मर्यादित होती. ती भरली की मागची चौकट थांबे. ही शिस्त येथे गळली आहे. त्यातून 'टपाल गेले' याचा अर्थही विद्यार्थ्याला चुकीचा कळतो. आपल्या बाजूच्या सर्व्हरने ते स्वीकारले, एवढेच त्यावरून समजते. पुढे पत्ता चुकीचा निघाला तर ते परत आल्याची खबर नव्या संदेशाच्या रूपाने, कधी बऱ्याच वेळाने, आपल्या पेटीत येते. पडद्यावरची तार तोवर जशीच्या तशी!

टपाल 'घेणारी' चौकट तर नावानेच फसवते. ती वाट पाहत बसत नाही. मूळ मांडणीत दर 5 मिनिटांनी ती सर्व्हरवरच्या पेटीपर्यंत जाते आणि नवे काही आहे का ते पाहून येते. पोस्टमन दारी येणे आणि आपण पोस्टात चौकशीला जाणे यांतला हा फरक चित्रात कोठेच दिसत नाही. शिक्षकाने तो बोलून दाखवला पाहिजे.

पासवर्डाची अडचण निराळी. 30 मे 2022 पासून गूगलने नुसत्या खात्याच्या पासवर्डवर अशा बाहेरच्या साधनांना प्रवेश देणे बंद केले. जीमेलसाठी 16 अक्षरी वेगळा पासवर्ड काढावा लागतो. त्यापूर्वी लिहिलेले धडे म्हणून अडखळतात. मुलांची किंवा शिक्षकांची खासगी खाती तर यात मुळीच वापरू नयेत. याच संचात स्वतःच छोटा टपाल-सर्व्हर बनणारी एक चौकट आहे. तिच्याकडे संदेश धाडला तर सारा प्रवास वर्गातल्या एकाच संगणकात होतो. खाते लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. आमच्या मते सुरुवात येथूनच करावी.

सर्वांत मोठी गोष्ट मात्र हे साधन अगदी बिनबोभाट पार पाडते, आणि म्हणूनच ती शिकायची राहून जाते. विषयाच्या जागी 'निजामपुरा' लिहा. पलीकडे निजामपुराच उमटतो. पण 1982 चे टपालाचे नियम केवळ इंग्रजी अक्षरे व चिन्हे जाणत होते. 1992 मध्ये माइमचे नियम आले, तेव्हा इतर लिप्यांना वाट मिळाली, तीही वेषांतर करून. निजामपुरा या शब्दात संगणकाच्या हिशेबी 9 चिन्हे आहेत: न, वेलांटी, ज, काना, म, प, उकार, र, काना. यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकाला 3 बाइट, म्हणजे 27. बेस-64 ही पद्धत दर 3 बाइटांची 4 इंग्रजी चिन्हे करते, म्हणजे 36. आलेल्या संदेशाचे मूळ रूप उघडले की ही ओळ सापडते. तिचे चार-चारचे तुकडे पाडा. आठ तुकडे '4, के, एस' यांनी सुरू होतात आणि एकच '4, के, डब्ल्यू' यांनी. तो 'पु'चा उकार! देवनागरीच्या सांकेतिक तक्त्यात पहिल्या 64 जागा ऱ्हस्व वेलांटीपाशी संपतात. दीर्घ वेलांटी, उकार पुढच्या 64 मध्ये पडतात. इतका सुंदर धडा चौकटीच्या आत बंद आहे आणि साधनाच्या माहितीपत्रात त्याचा मागमूस नाही.

भिवंडीतल्या उर्दू माध्यमाच्या वर्गात हाच प्रयोग करावा. उर्दूच्या अक्षराला 2 बाइट लागतात, त्यामुळे तेथे चारचे तुकडे अक्षरांशी जुळत नाहीत. किती अक्षरांनंतर पुन्हा जुळतात, ते मुलांनाच काढू द्यावे.