‘एकवीस’ आणि ‘वीस एक’ : संख्यावाचनाच्या एका प्रयोगाची समीक्षा

इ. स. २०१९ च्या जून महिन्यात बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकावरून महाराष्ट्रात मोठा वाद माजला. ‘एकवीस’, ‘त्रेसष्ट’ या रूढ नावांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असे वाचन त्या पुस्तकात सुचविले होते. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी या योजनेचे समर्थन करताना जोडाक्षरांच्या अडचणीकडे आणि दाक्षिणात्य भाषांतील वाचनक्रमाकडे लक्ष वेधले. विरोधकांना त्यात मराठीवरील आघात दिसला. विधानसभेत थट्टाही झाली. तो धुरळा आता खाली बसला असल्यामुळे भाषाशास्त्राच्या दृष्टीने या प्रयोगाचे गुणदोष पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

मुलाची अडचण खरी आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. मात्र ती एक नसून तीन आहेत. पहिली क्रमाची. ‘त्रेसष्ट’ या नावात तीन आधी ऐकू येतात, लिहिताना सहा आधी येतो. म्हणून मूल ३६ लिहून मोकळे होते. कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’ म्हणताना वीस आधी व एक मागून येतो, त्यामुळे हा घोटाळा तेथे संभवत नाही. दुसरी अडचण ध्वनिविकाराची. संस्कृतातून प्राकृतद्वारा येताना ही नावे इतकी झिजली, की एकाच ‘तीन’ची तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्र्याहत्तर अशी निरनिराळी रूपे झाली. ‘बावन्न’मध्ये पन्नास आणि ‘बाहत्तर’मध्ये सत्तर ओळखणे अभ्यासकाला जमेल, सात वर्षांच्या मुलाला ते कसे जमावे? तिसरी अडचण ‘एकोण’ची. एकोणतीस म्हणजे एकाने ऊन तीस. कानावर तीस पडतात, पाटीवर मात्र दोनाचा आकडा काढायचा असतो.

नव्या वाचनाने या तिन्ही अडचणींवर एकच मात्रा दिली. पहिल्या दोन अडचणींवर ती लागू पडते, यात शंका नाही. तिसरीच्या बाबतीत मात्र रोगाबरोबर एक गुणही गेला. ‘वीस नऊ’ म्हटल्याने लेखन सोपे झाले. परंतु तीस काड्यांतून एक काढली की एकोणतीस उरतात, हा वजाबाकीचा पहिला पाठ जो शब्दातच होता, तो हातचा सुटला.

याहून महत्त्वाचा दोष मांडणीचा आहे. ‘साठ तीन’ हे वस्तुतः ‘त्रेसष्ट’चे स्पष्टीकरण होय, पुस्तकाच्या वाचकांनी ते पर्यायी नाव म्हणून घेतले. ‘त्रेसष्ट म्हणजे साठ आणि तीन’ असे वाक्य ठसविले असते, तर त्यातील ‘म्हणजे’ने जुने नाव राखले असते आणि ‘आणि’ने बेरीज दाखविली असती. नाव बदलणे ही गोष्ट एका इयत्तेच्या पुस्तकाच्या आवाक्यातली नव्हे. नॉर्वेत १९५१ साली संसदेच्या निर्णयाने एककाऐवजी दशक आधी उच्चारण्याची रीत अधिकृत झाली. दूरध्वनीचे क्रमांक सांगण्यातील सोय हे त्यामागील एक कारण होते. तरीही जुनी रीत पुढे अनेक दशके लोकांच्या तोंडी राहिली. आपल्याकडे तर पाढ्यांची लय जुन्या नावांवर उभी आहे. ‘सात त्रिक एकवीस’ म्हणणारी जीभ ‘वीस एक’पाशी अडखळणारच.

पण म्हणून विरोधकांचा पक्ष बरोबर ठरतो, असे नाही. सुशिक्षित घरातील मूल शाळेत येण्यापूर्वीच ही नावे आजीकडून, आईकडून ऐकत असते. ज्याच्या घरी गोंडी, कोरकू वा भिल्ली बोलली जाते, त्याला या शंभर नावांची बहुधा शाळेतच प्रथम गाठ पडते. भाषेच्या अभिमानापोटी त्याच्या हातची शिडी काढून घेणे हा अन्याय होय. उलट, त्याला केवळ ‘साठ तीन’ शिकवून बाजारात पाठविले, तर दुकानदाराचे ‘त्रेसष्ट’ त्याला कळणार नाही. हाही तितकाच अन्याय.

तेव्हा सराव असा हवा : मुलाने दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे व तीन सुट्या काड्या मांडाव्या, ‘साठ आणि तीन’ म्हणावे, मग ‘त्रेसष्ट’ म्हणावे आणि शेवटी ६३ लिहावे. एकोणसाठ शिकताना सहा गठ्ठे मांडून शेवटच्या गठ्ठ्यातून एक काडी त्याने स्वतःच काढावी. पाच गठ्ठे अखंड उरलेले त्याला दिसतील आणि पाचाचा आकडा आधी का येतो, हेही कळेल. हात, कान व आकडा यांची अशी सांगड काही महिने घातली, की मधले वाक्य आपोआप गळून पडेल. २०१९ च्या पुस्तकाने दुखणे अचूक ओळखले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. शिडीलाच घर समजण्याची चूक मात्र त्याच्या समर्थकांनी व विरोधकांनी सारखीच केली.