सिनायचा डोंगर आणि पाठीवरचे ओझे

जॉन बन्यन यांचे ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हे पुस्तक १६७८ साली निघाले. हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये त्याचे ‘यात्रिक क्रमण’ या नावाने मराठी केले. आमची शाळा मिशनची, तिथे ते इंग्रजीतून वाचून घेत. परवा पुन्हा वाचले. परदेशात आपल्या नातवंडांना “तुमचा जुन्या करारातला देव फार कडक” असे कोणी ना कोणी ऐकवतोच. ते कुठून येते हे या पुस्तकात स्वच्छ दिसते.

नायकाच्या पाठीवर पापाचे ओझे आहे. एक गृहस्थ त्याला आडवाटेने ‘नियमशास्त्री’ बुवाच्या घरी धाडतो. त्या वाटेवर सिनायचा डोंगर अंगावर कोसळेल असा झुकलेला, त्यातून ज्वाळा निघतात, आणि ओझे अधिकच जड होते. हे वर्णन खरे उतरले आहे, हे कबूल केले पाहिजे. रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमारास रोग्यांना असे ओझे वाहताना मी पुष्कळ पाहिले आहे.

पण पुढे फेथफुल नावाच्या यात्रेकरूला एक माणूस गाठून खाली पाडतो, दयेची भीक मागितली तरी पुन्हा मारतो. तो कोण, तर म्हणे मोशे! इथे माझे बन्यनसाहेबांशी भांडण आहे. सोन्याच्या वासराचे पाप झाले तेव्हा “यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझे नाव खोड” असे देवाला म्हणणारा हाच मोशे रब्बेनू ना? आणि आपण सेलिहोतमध्ये म्हणतो ते देवाच्या दयेचे तेरा गुण त्याच सिनायवर सांगितले गेले. निर्गम ३२ आणि ३४ वाचल्यावर हा मारकुटा मोशे ओळखू येत नाही.

बन्यन यांच्यावर लूथरच्या गलतीकरांवरील टीकेचा मोठा पगडा होता. तिथे अनुवाद २७ मधला शाप पौल पुढे करतो: नियम पुरता पाळला नाही तो शापित. पण तीनच अध्याय पुढे तोरा सांगते की ही आज्ञा तुझ्या आवाक्याबाहेरची नाही, तुझ्या तोंडात व हृदयात आहे. सगळेच ख्रिस्ती लूथरसारखे वाचतात असेही नाही. कॅल्व्हिन नियमशास्त्राला विश्वासणाऱ्याचा मार्गदर्शक मानतो. ई. पी. सँडर्स या ख्रिस्ती विद्वानाने तर १९७७ साली, यहुदी धर्माचे हे जुने चित्रच चुकीचे आहे, असे मोठा ग्रंथ लिहून दाखवले.

मला सर्वांत खटकते ते वेगळेच. नायकाने कोणाचे काय वाईट केले, हे नीटसे कळतच नाही. बायकामुले हाका मारतात, तो कानांत बोटे घालून पळतो. रात्री बोलणारे रोगी नियमशास्त्राबद्दल बोलत नसत. भावाचा बुडवलेला वाटा, सुनेला दिलेला त्रास, असे नावानिशी असे. मिश्नातील योमाच्या आठव्या अध्यायात स्पष्ट आहे की शेजाऱ्याविरुद्धचे पाप, त्याची समजूत घातल्याशिवाय किप्पूरने धुतले जात नाही. दरफाळणीला दार बंद होण्याआधी आपले वडीलधारे रुसलेल्या नातेवाइकांकडे जात, ते याचसाठी.

१६८४ च्या दुसऱ्या भागात नायकाची बायको मुलांना घेऊन निघते. वाटेत सोबत आहे, एकमेकांची विचारपूस आहे. नातवंडांनी पुस्तक मागितलेच, तर मी हा भाग आधी देईन.