प्लायवूडमधील जोडांच्या ओलावा-चाचणीची चिकित्सा : विशेष संदर्भ पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा

प्रस्तावना :
भोसरी, पिंपरी व चाकण परिसरात तयार होणारे वाहनांचे सुटे भाग लाकडी पेट्यांतून व पॅलेटवरून निर्यातीसाठी रवाना होतात. आयएसपीएम-१५ या २००२ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पॅकिंगच्या भरीव लाकडावर ठरावीक प्रक्रिया करणे बंधनकारक आहे. उष्णतेची पद्धत वापरल्यास लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे ठेवावा लागतो. सरस, उष्णता व दाब यांनी बनणाऱ्या प्लायवूडला यातून सूट आहे. ही सूट सोयीची असली, तरी तिच्यामुळे पेटीची सारी भिस्त थरांमधील सरसावर येते. पावसाळ्यात आवारात पडलेली पेटी भिजते, वाळते व पुन्हा भिजते. जोड सुटल्यास माल खराब होतोच, शिवाय पेटी हलविणाऱ्या माथाडी कामगाराच्या जिवावरही बेतू शकते.

चाचणीचे स्वरूप :
लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही. प्लायवूडचे थर एकमेकांना काटकोनात असल्याने हा ताण सरसाच्या रेषेवर येतो. युरिया-फॉर्माल्डिहाइड राळेचे बंध ओलावा व उष्णतेने तुटतात. फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळ मात्र टिकते. आयएस ३०३ च्या १९८९ च्या आवृत्तीत ‘एमआर’ प्रतीचे नमुने ६० अंशांच्या पाण्यात ३ तास, तर ‘बीडब्ल्यूआर’ प्रतीचे नमुने उकळत्या पाण्यात ८ तास ठेवले जातात. आयएस ७१० मधील मरीन प्लायवूडसाठी हा कालावधी ७२ तासांचा आहे.

चिकित्सा :
(१) ही चाचणी सरसाचा वर्ग ओळखते, जोडाचे आयुष्य मोजत नाही. उकळण्याचे तास व वापराची वर्षे यांचे गुणोत्तर ती सांगत नाही. एकाच फेरीच्या पेटीला ‘एमआर’ प्रत पुरेशी ठरू शकते. वारंवार परत येणाऱ्या पॅलेटला ती पुरेशी मानणे धोक्याचे आहे.

(२) पाते घालून थर उचकटण्याच्या चाचणीत निर्णय परीक्षकाच्या नजरेवर राहतो. युरोपीय ईएन ३१४ मानकात कर्तनबल व लाकूड-भंगाची टक्केवारी एकत्र पाहिली जाते : बल ०.२ ते ०.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असल्यास किमान ८० टक्के भंग लाकडात व्हावा लागतो. लाकूड फाटले तर सरस लाकडाहून बळकट ठरतो. सरसाची रेषा स्वच्छ सुटली तर जोडच कच्चा ठरतो. केवळ ‘उत्तीर्ण’ हा शेरा हा भेद लपवितो.

(३) नमुना कोऱ्या तक्त्यातून कापला जातो. पेटीत मात्र खिळ्यांच्या छिद्रांतून पाणी शिरते व भाराखाली जोड ताणला जातो. या स्थितीची परीक्षा होत नाही.

निष्कर्ष :
सदर चाचण्या निरुपयोगी नाहीत. त्यांच्याकडून भलत्याच प्रश्नाचे उत्तर मागितले जाते. म्हणून खरेदी-आदेशात केवळ प्रतीचे नाव न लिहिता पेटीच्या अपेक्षित फेऱ्या, भिजणे-वाळणे यांची आवर्तने व लाकूड-भंगाची किमान टक्केवारी नमूद व्हावी. परिसरातील महाविद्यालयांना ही आवर्तने उष्णजल-पात्र व ओव्हन यांच्या साहाय्याने विद्यार्थी-प्रकल्पात सहज घेता येतील. खिळे मारलेल्या नमुन्यांपासून हे काम सुरू होणे अधिक उपयुक्त ठरेल.