नायकाचं रक्त कोण तपासतंय?



आपल्याकडे एक गोष्ट वाचायला आली. लिहिणारा तरुण आहे, रत्नागिरीकडचाच आहे, लेखणीला धार आहे. त्याचं नाव इथे घेत नाही, कारण भांडण त्याच्याशी नाही. भांडण त्याच्या गोष्टीच्या शेवटच्या दीड पानाशी आहे.

गोष्ट अशी. खोतीचा काळ. महारवाडीतल्या एका पोराला विलक्षण नजर आहे. कातळावर उभा राहून समोरचं वरकस बघतो आणि सांगतो, एवढे गुंठे. साखळी लावली की तेवढेच भरतात. खोताचा कारकून कुळांच्या जमिनी कागदावर फुगवतो आणि मक्ता वाढवतो. पोरगा भर कचेरीत ते उघडं पाडतो. वाचताना अंगावर काटा आला. आणि मग शेवट. म्हातारी आजी मरायला टेकलेली. ती पोराला जवळ बोलावते आणि सांगते, तू आमचा नव्हंस, तू खोताचा. संपली गोष्ट.

मी कागद खाली ठेवला आणि बराच वेळ गप्प बसलो. पंधरा पानं वाडीची अक्कल दाखवली आणि शेवटच्या दीड पानात ती खोताच्या घरी पोचती केली. पोराची हुशारी खोताची. मग वाडीचं काय? उपाशी पोट आणि मेलेली आजी!

लेखकाला विचारलं, हे का लिहिलंस? तो म्हणाला, "वाचकाला पटायला नको? एवढी नजर त्याला आली कुठून?"

हा प्रश्न नीट ऐका. ही नजर कुठून आली, हा गळा कुठून आला, हे इंग्रजी कुठून आलं. हा प्रश्न आपण विचारत नाही, आपल्याला विचारला जातो. पांढरपेशाच्या कादंबरीत वकिलाचा पोरगा हुशार निघाला तर कुणी पुरावा मागत नाही. आपला नायक हुशार निघाला की पंचनामा सुरू होतो. आणि आपलाच लेखक न बोलावता साक्षीला उभा राहतो.

हा रोग आजचा नाही. एकलव्याचं बघा. आदिपर्वात तो निषादराजा हिरण्यधनूचा मुलगा. द्रोणाने दारातून परत पाठवला. रानात मातीचा पुतळा करून एकट्याने सराव केला आणि भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड सात बाणांनी बंद केलं. तिथे कारण दिलंय, सराव. पण एवढ्यावर भागलं नाही. हरिवंशात जा. तिथे तो निषादांनी फक्त वाढवलेला. जन्म कुणाच्या पोटी? वसुदेवाचा भाऊ देवश्रवा, त्याचा तो मुलगा. म्हणजे कृष्णाचा चुलतभाऊ! अंगठा द्रोणाने घेतला ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाप पोथीने काढून घेतला ते कुणी बोलत नाही.

कबीराला विणकराच्या घरी वाढवला, पण जनकथेने त्याचा जन्म विधवा ब्राह्मणीच्या पोटी नेला. रविदासांनी म्हणे छाती फाडून आतलं सोन्याचं जानवं दाखवलं, आणि मागल्या जन्मी ते ब्राह्मणच होते. आमच्या चोखोबांच्या जन्माच्या कथेत देव ब्राह्मणाच्या रूपात येऊन आंबा चोखतो आणि त्या चोखलेल्या आंब्याचं मूल होतं. आईने नऊ महिने वागवलं ते कुठे गेलं? माणूस मोठा झाला, त्याला पुसून टाकता येत नाही. तेव्हा त्याचा जन्म बदलून घ्यायचा. हा जुना धंदा आहे.

कर्णाचं तर विचारूच नका. आपल्यातल्या कित्येकांना कर्ण जवळचा वाटतो. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' 1967 साली आलं आणि घराघरांत लोक रडले. मीही रडलो. पण पुढे डोक्यात आलं, आपण रडलो ते सूतपुत्रासाठी नाहीच. तो खरा क्षत्रिय असून त्याला सूतपुत्र म्हणवून घ्यावं लागलं, म्हणून रडलो. अधिरथ आणि राधा, ज्यांनी नदीतून काढून पोटाशी धरला, त्यांच्याकडून कर्णात काहीच आलं नाही? कवच सूर्याचं, कुंडलं सूर्याची. अधिरथाचं काय, नुसता चाबूक?

अमेरिकेतल्या चित्रकथांतही नायकाच्या ताकदीला उगम लागतो. 1938 सालचा सुपरमॅन परग्रहावरून आला. 1962 च्या स्पायडरमॅनला किरणोत्सर्गी कोळी चावला. तिथे निदान हे खेळ म्हणून चालतं. आपल्याकडच्या कोळ्याचं नाव रक्त आहे, आणि इथे कुणी खेळत नाही. हे सरकारच्या दप्तरातही घुसलं होतं. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा म्हणत होता की काही जमातींत चोरीचं कसब जन्मानेच येतं. हा कायदा 1952 साली गेला. वरच्याची हुशारी रक्तातली, खालच्याची चोरी रक्तातली. दोन्ही एकाच कारखान्याचा माल.

म्हणून अण्णा भाऊंची 'फकिरा' पुन्हा वाचायला सांगतो. 1959 सालची कादंबरी. फकिराचं धाडस अण्णा भाऊंनी हवेतून आणलं नाही. गावासाठी जोगणी आणताना बाप राणोजी मारला गेला, ते त्याच्या मनात बसलंय. दुष्काळात माणसं टाचा घासून मरतायत, ते समोर आहे. हजेरी लावून माणसाला जनावर केलंय, ते सोसवत नाही. सरकार म्हणत होतं, ह्याचं लुटणं जन्मजात. अण्णा भाऊंनी दाखवलं, ह्याचं लुटणं भुकेतून आणि न्यायातून. उगम सांगणं म्हणजे काय, ते इथे कळतं. ते राजकारण आहे.

आता एक उलटा खड्डा. कुणी म्हणेल, ठीक, खोताचं रक्त नको, मग आपलंच रक्त लिहू. महार जात्याच लढवय्या, मांग जात्याच वाजवणारा. टाळ्या पडतात. पण हेही तेच विष, बाटली आपली. हा मोह आपल्या थोर माणसांनाही टाळता आला नाही. गोपाळबाबा वलंगकर, फौजेतून 1886 साली निवृत्त झाले, दापोलीत राहिले, 1888 साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. एवढा धारदार माणूस. पण लष्करभरतीसाठी अर्ज करायची पाळी आली तेव्हा महार मूळचे क्षत्रिय असं मांडावं लागलं. त्यांना दोष देत नाही. समोर गोरा साहेब होता, भरती बंद होत होती, पोटाचा प्रश्न होता. आपल्यासमोर कुठला साहेब आहे? बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यांच्या उगमावरच्या ग्रंथात वंशाचा मुद्दाच उडवला. अस्पृश्यता रक्तातून आली नाही, इतिहासातून आली, असं सांगितलं. त्यानंतरही आपण कथेत रक्त मोजत बसलो तर वाचलं काय?

तिसरा खड्डा उपकारकर्त्याचा. गोष्टीत एक दयाळू मास्तर येतो, पाठीवर हात ठेवतो आणि पोरात वीज भरते. भले मास्तर होते, आहेत. केळुसकर गुरुजींनी 1907 साली बाबासाहेबांना बुद्धचरित्र दिलं, सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली आणि 1913 साली ते कोलंबियाला गेले. कृतज्ञता ठेवावी. पण शिष्यवृत्तीने बोटीचं तिकीट येतं, रात्रभर वाचणारे डोळे येत नाहीत. त्या डोळ्यांमागे सुभेदार रामजी आहेत, फौजेच्या शाळेतले मास्तर, पोराच्या पुस्तकासाठी लेकींचे दागिने मागून गहाण टाकणारे. त्यांच्यामागे फौजेने शिपायांना आणि त्यांच्या पोरांना लावलेली शिक्षणाची सक्ती आहे, आणि दापोलीचा पेन्शनरांचा कॅम्प आहे. बाबासाहेब आभाळातून पडले म्हणणारे भक्त आणि कुणीतरी घडवले म्हणणारे टीकाकार, दोघेही रामजींना बाहेर उभे करतात.

मग उगम दाखवायचा कसा? एक खरा माणूस सांगतो. पालवणकर बाळू. आडनाव कोकणातल्या गावाचं, जात चांभार, जन्म 1876. पुण्याच्या क्लबात महिना चार रुपयांवर कामाला. खेळपट्टी लाटायची, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. तासन्‌ तास टाकायचा. बॅट हातात द्यायचे नाहीत. फक्त टाक. त्या टाकण्यातून असा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला की 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. त्याच्याच संघातले लोक पुण्यात त्याला तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. आता ह्याची कादंबरी लिहायची झाली तर 'मनगटात दैवी जादू' असं लिहाल? जादू तिथेच पडलीय. ज्यांनी बॅट नाकारली त्यांनीच नकळत गोलंदाज घडवला. पण त्यांचे आभार मानायचे नाहीत! कारण चेंडू टाकणारे नोकर पुष्कळ होते, बाळू एक झाला. उरलेलं त्याचं स्वतःचं. ते उरलेलं उरलेलंच ठेवा. त्याला कारण चिकटवू नका.

माझी एक चुलती होती. सुईण. आडवं आलेलं मूल नुसत्या हाताने फिरवायची. वरच्या आळीतले लोक रात्री कंदील घेऊन तिला न्यायला यायचे, मागच्या दाराने आत घ्यायचे, सकाळी ती बसलेली जागा शिंपडून घ्यायचे. ते म्हणायचे, हिच्या हातात देवी आहे. मी लहानपणी तिला विचारलं, काकी, खरंच देवी आहे? ती हसली. "अरं, हात काय आभालातना पडला नाय. सासूच्या पाटी बारा वर्सं कंदील धरून उबी ऱ्हायले, तवा आला." आणि मग हळू आवाजात, "दोन प्वारं माज्या हातात गेली. ती कुनी मोजीत नाय."

माझ्या मते समीक्षेची चार पुस्तकं ह्या दोन वाक्यांत आहेत. कसब कुणाकडून आलं, त्याला किती वर्षं लागली, ते कुठे कमी पडलं. वरच्या आळीने देवी म्हटलं ते मान म्हणून नव्हे. देवी म्हटलं की सासूला शिक्षिका म्हणावं लागत नाही, काकीला मजुरी द्यावी लागत नाही आणि जागा शिंपडायला मोकळे.

आपल्याच जिल्ह्यातल्या फणसवळ्याच्या ऊर्मिला पवार यांनी 2003 साली आत्मकथनाला नाव दिलं 'आयदान'. आयदान म्हणजे बांबूची सुपं-टोपल्या. वडील मास्तर, ते गेल्यावर आई आयदानं विणून घर चालवायची. आपलं लिहिणं आणि आईचं विणणं यांचा धागा त्या स्वतः जोडतात. लेखणी सरस्वतीकडून आली म्हणत नाहीत. बांबूच्या कामट्यांनी कापलेल्या आईच्या बोटांपाशी नेऊन ठेवतात.

आता त्या तरुण मित्राकडे वळतो. तुझ्या पोराची नजर कुठून आली विचारतोस? अरे, उत्तर तुझ्या गोष्टीत दुसऱ्याच पानावर होतं, तुलाच दिसलं नाही. पोराचा बाप महारकी करतो. गावाची हद्द कुणाला ठाऊक असायची? महाराला. हद्दीचा तंटा निघाला की साक्ष कुणाची मोलाची? महाराची. मोजणीदार आला की दगड कोण दाखवायचा, साखळी कोण ओढायचा? पिढ्यान्‌ पिढ्या सगळी जमीन पायांनी मोजली आणि मालकीची वीतभर नाही. ही वतनं कायद्याने 1958 साली गेली, खोती 1949 च्या कायद्याने गेली, तीही बाबासाहेबांनी 1937 साली विधेयक मांडून हाक दिल्यावर. पोराला बापाच्या मागून साखळीचं टोक धरून चालव. काटे मोडू देत. एकदा त्याचा अंदाज चुकू दे आणि बापाची थप्पड बसू दे. मग कचेरीत तो बोलला की वाचक कारण विचारणार नाही. आणि बापाला दहा पोरं असती तरी नजर ह्यालाच का, हे मात्र सांगू नकोस. माणसात एवढं गूढ राहू दे. सवर्णांच्या नायकाला ते फुकट मिळतं, आपल्या नायकालाही मिळू दे.

तू म्हणालास, "पण खोतांची पोरं वाडीत होती, हे खोटं आहे का?" खोटं नाही. ते लिही. जोरात लिही. पण जुलूम म्हणून लिही. त्या बाईची रात्र लिही, तिचा तोंडात कोंबलेला पदर लिही. तुझ्या शेवटात तीच रात्र पोराला बक्षीस होऊन आली आहे. आईवर जबरदस्ती झाली म्हणून पोरगा हुशार निघाला, असा त्याचा अर्थ होतो. तुला तसं म्हणायचं नव्हतं, मला ठाऊक आहे. पण कागद तसंच बोलतो. आपल्या आईवर डाग ठेवून आपला नायक मोठा होणार असेल तर तो नायक आपला नव्हे.

गोष्ट परत पाठवतो आहे, नाकारलेली नाही. शेवटचं दीड पान तेवढं फाडून टाक. आजीला मरताना बोलू दे, पण हे बोलू दे की हद्दीचा पहिला दगड तुझ्या पणजाने पुरला, तो कुठे आहे ते मी तुला दाखवते. पुढच्या अंकाला जागा राखून ठेवली आहे.

जय भीम.