मूळ आणि अस्सल : एका बेंटलीचा खटला

मागच्या वेळी आपण जुन्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती वाचल्या, तेव्हा त्यांतला एक शब्द आम्ही आजच्यासाठी राखून ठेवला होता. ‘ओरिजिनल’. ‘पूर्ण रिस्टोअर केलेली, शंभर टक्के ओरिजिनल’ असं एका दमात लिहिणारे विक्रेते पुष्कळ आहेत. पत्रा उघडा करून, घासून, पुट्टी भरून, नव्यानं रंगवलेली गाडी नेमकी कोणत्या अर्थानं ओरिजिनल? हा प्रश्न लंडनच्या कोर्टात एका न्यायाधीशापुढे खरोखरच गेला होता. त्या निकालाची चिकित्सा हा आजचा विषय.

गाडी बेंटली स्पीड सिक्स, टोपणनाव ‘ओल्ड नंबर वन’. ल मान्सची चोवीस तासांची शर्यत हिनं १९२९ साली जिंकली आणि १९३० साली पुन्हा जिंकली. दोन्ही वेळा वुल्फ बार्नाटो चालवणाऱ्यांत होता. मधल्या काळात कारखान्यानं तिच्यात बरंच काही बदललं, कारण शर्यतीच्या गाडीचं आयुष्यच तसं असतं. १९३२ साली ब्रुकलँड्सला ती तिरक्या बांधाच्या कडेवरून बाहेर गेली आणि क्लाइव्ह डन्फी हा चालक त्यात गेला. त्यानंतर तिच्यावर बंद कूपेची बॉडी चढली. कित्येक वर्षांनी तिला पुन्हा शर्यतीचं रूप दिलं गेलं. १९९० साली मालक हबर्ड यांनी ती मिडलब्रिज सिमिटर या कंपनीला एक कोटी पौंडांना विकायचं ठरवलं. घेणारा नंतर मागे सरला. त्याचं म्हणणं सरळ होतं : ही ती गाडी नव्हेच.

न्यायमूर्ती ऑटन यांनी मग जे केलं ते आम्हाला फार आवडतं. त्यांनी गाडीचा एकेक भाग मोजला. १९२९ च्या गाडीतलं, खात्रीनं सांगता येईल असं काहीच उरलेलं नाही. १९३० च्या गाडीतला पेडल शाफ्ट, गिअरबॉक्सची खोळ आणि स्टिअरिंग कॉलम, बस्स. १९३२ च्या गाडीतलं मात्र बरंच काही, त्यात चासी आली, पुढचा अ‍ॅक्सल आला. म्हणजे ल मान्स जिंकलेल्या गाडीचे तीन तुकडे. एवढं लिहून झाल्यावर त्यांनी निकाल दिला की ‘ओरिजिनल’ हा शब्द इथं लागू नाही, पण गाडी अस्सल आहे, आणि सौदा पाळला पाहिजे. कारण ती कधी नाहीशी झाली नाही, मोडीत निघाली नाही, आणि त्या नावावर दावा सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. भाग बदलत गेले, इतिहास तुटला नाही.

मराठीत आपल्याला हे सांगायला दोन शब्द आयते आहेत. मूळ म्हणजे पहिल्यापासूनचं. अस्सल म्हणजे नक्कल नसलेलं. दस्तऐवजाच्या भाषेत अस्सल आणि नक्कल ही जोडी आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरतो. जाहिरातवाले ‘ओरिजिनल’ या एकाच शब्दात दोन्ही कोंबतात, आणि फसवणुकीची जागा नेमकी तिथं आहे. (श्रोत्यांमधून : “मग ‘जेन्युइन’?”) तो तर त्याहून सैल शब्द आहे!

आता आमचा आक्षेप. ऑटन यांची कसोटी ‘ओल्ड नंबर वन’ला चालते, कारण तिच्याकडे सगळं जग बघत होतं. ती कुठं धावली, कुठं आपटली, कुणाच्या गॅरेजात होती, हे छापलेलं आहे. हजारोंनी बनलेल्या साध्या गाडीचा ‘अखंड इतिहास’ कोण सांगणार? विक्रेत्याची फाइल. म्हणजे ज्याला पैसे मिळायचे, तोच साक्षीदार. आणखी एक भेद निकालात हवा तेवढा ठसठशीत नाही, असं आम्हाला वाटतं. वापरणाऱ्यानं शर्यतीसाठी बदललेला भाग आणि साठ वर्षांनी विकण्यासाठी घडवलेला भाग यांचं वजन सारखं नाही. पहिला त्या गाडीच्या चरित्रात मोडतो. दुसऱ्याला वेशभूषा म्हणावं लागेल, मग ती कितीही सुरेख असो.

म्हणून साध्या गाडीत लोक नंबरांचा आधार घेतात : ‘मॅचिंग नंबर्स’. जॅग्वार ई-टाइप घ्या. तिच्या बाबतीत हेरिटेज ट्रस्टचं प्रमाणपत्र मिळतं. मूळ इंजिन नंबर, रंग, रवानगीची तारीख सगळं त्यात असतं. छान. पण चासी नंबर पंच केलेला असतो तो पुढच्या सबफ्रेमवर, आणि ती फ्रेम बोल्टांनी बसवलेली, म्हणजे काढता-घालता येणारी. ओळखपत्रच सुटं! शेवरलेच्या इंजिनात जरा जास्त बोलकं असतं. ब्लॉकवर ओतकामाची तारीख उठलेली असते, महिन्याला इंग्रजी अक्षर आणि वर्षाचा शेवटचा आकडा. ओतकाम आधी, जुळणी नंतर, गाडी त्याच्याही नंतर. हा क्रम उलटा लागला की समजायचं. आणि जिथं नंबर पंच केलेला असतो तिथं कारखान्यातल्या मशिनिंगच्या बारीक समांतर रेघा असतात. कुणी जुना नंबर घासून नवा ठोकला की रेघा जातात. आकडा बरोबर, पण त्याच्या खालचा लोखंडाचा पोत गुळगुळीत. आम्ही तरी आकड्याआधी पोत बघतो.

उलट उदाहरणही आहे. ‘बुलिट’ चित्रपटातली १९६८ ची मस्टँग एका कुटुंबानं अनेक दशकं ठेवली, चालवली, रंगवली नाही. गंजासकट, कॅमेऱ्यासाठी खाली वेल्ड केलेल्या पट्ट्यांसकट ती २०२० साली ३४ लाख डॉलरांच्या बोलीला गेली. कुणी तिचं ‘शोरूम कंडिशन’ करून दिलं असतं, तर तोच पुरावा पहिल्यांदा ग्राइंडरखाली गेला असता.

आपल्याकडे २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. अट अशी, की चासीत, बॉडी शेलमध्ये किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. हेतू चांगला आहे, पण या अटीवर ‘ओल्ड नंबर वन’सुद्धा नापास होईल. आपल्या रस्त्यांवरच्या कितीतरी जुन्या अमेरिकन गाड्यांत पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिनं बसली, त्याही नापास. ज्यानं इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकात इमानानं करून घेतली, तो अडकतो. ज्यानं गुपचूप नंबर ठोकून घेतला, त्याचे कागद स्वच्छ.

हे आम्ही तावातावानं बोलतोय, कारण एकदा आम्हीच चुकलो आहोत. एका स्नेह्यासाठी फियाट अकराशे बघायला गेलो होतो. आरसी बुक आणि इंजिनावरचा नंबर जुळला, रंग देखणा, आम्ही मान डोलावली. त्यानं निवृत्तीच्या पैशांतून ती घेतली. सहा महिन्यांनी मिस्त्रीनं ब्लॉक धुतला आणि म्हणाला, “साहेब, हा नंबर काल ठोकल्यासारखा दिसतोय.” विक्रेत्यानं हात वर केले. स्नेह्यानं आम्हाला एका शब्दानं बोल लावला नाही, ते जास्त लागलं. पुढे त्यानं मिस्त्रीकडून बदललेल्या भागांची यादी लिहून घेतली, कोणता भाग कधीचा, जेवढं कळलं तेवढं, आणि ती आरसी बुकाला टाचून ठेवली. मागच्या वर्षी गाडी विकताना त्यानं गिऱ्हाइकाच्या हातात आधी ती यादी दिली, किल्ली नंतर. किंमत थोडी कमी आली.

प्रश्न असतील तर आता घेऊ. मागच्या रांगेतले हात आधी.