‘झाँसी की रानी’ आणि एक उपेक्षित नटी

झांशीच्या किल्ल्यात गुलाम गौसखान, मोतीबाई आणि खुदाबक्ष यांच्या कबरी आहेत. बदली होऊन या गावी आलेला मराठी गृहस्थ पहिल्या सवडीच्या रविवारी सहकुटुंब किल्ला पाहावयास जातो, कडकबिजली तोफेपाशी मुलांना उभे करतो आणि या कबरींपाशी क्षणभर थांबतो. मोतीबाई ही गंगाधररावांच्या नाट्यगृहातील नटी होती व 1858 च्या वेढ्यात ती झांशीसाठी लढता लढता पडली, असे येथील परंपरा सांगते. त्या ठिकाणी आम्हांस नेहमी दुसऱ्या एका नटीची आठवण होते. तिचे नाव मेहताब.

सोहराब मोदी यांनी मिनर्व्हा मूव्हीटोनतर्फे 1953 साली ‘झाँसी की रानी’ हा बोलपट काढला. टेक्निकलरमध्ये चित्रित झालेला हा पहिला भारतीय चित्रपट. छायाचित्रणासाठी मोदींनी ‘गॉन विथ द विंड’चे अर्नेस्ट हॅलर यांना पाचारण केले, संगीत मात्र आपल्या वसंत देसाई यांचे. पैसा पाण्यासारखा ओतला गेला आणि तितकाच बुडाला. 1956 साली ‘द टायगर अँड द फ्लेम’ या नावाने इंग्रजी आवृत्तीही निघाली. परंतु अपयशाचे खापर फुटले ते मोदींच्या पत्नीच्या, म्हणजे राणी झालेल्या मेहताबच्या माथी. तिचे वय या भूमिकेस फार झाले, हा आक्षेप तेव्हापासून जो चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही.

आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे, हे आम्ही नाकारीत नाही. राणी रणांगणावर पडली तेव्हा तिने तिशीही गाठली नव्हती. मेहताब मूकपटांच्या काळापासून पडद्यावर वावरत होती. पण वय म्हणजे केवळ चेहऱ्यावरच्या रेषा नव्हेत. वयस्क पतीचा संसार, तान्ह्या पुत्राचा मृत्यू, दत्तविधान, लगोलग वैधव्य आणि मग राज्य खालसा झाल्याचा हुकूम, हे सारे पंचवीस वर्षांच्या आत ज्या स्त्रीने सोसले, ती आरशात तरुण असली तरी मनाने प्रौढच झालेली असणार. मेहताबच्या राणीत हे प्रौढत्व आहे. तलवार उपसणारी राणी रंगविणे फारसे अवघड नाही. तलवार उपसण्यापूर्वी कारभार पाहणारी, अर्ज-विनंत्यांची उत्तरे वर्षानुवर्षे शांतपणे वाट पाहून घेणारी राणी दाखविणे अवघड. ज्यांचे आयुष्य फायलींच्या सहवासात जाते, त्या आमच्या वाचकांना या धीराचे मोल निराळे सांगावयास नको.

मोदींची परंपरा पारशी रंगभूमीची. ‘पुकार’ आणि ‘सिकंदर’पासून त्यांच्या चित्रपटांत संवाद हे बोलले जात नाहीत, गर्जले जातात. येथेही राजगुरूंच्या भूमिकेत ते स्वतः आहेत आणि त्यांचा आवाज भरदरबारी घुमत राहतो. त्या घनगंभीर नादाशेजारी मेहताब आपला स्वर आवरून धरते. हा संयम आम्हांस तिच्या अभिनयाचा खरा अलंकार वाटतो. उत्तरार्धात तोफा, घोडे आणि रंग यांच्या गर्दीत तो झाकोळतो. पण हा दोष मांडणीचा, नटीचा नव्हे.

आपल्या मराठी मंडळींची तक्रार वेगळीच असते. आपली राणी दरबारी हिंदुस्थानीत बोलते, हे त्यांस खटकते. नेवाळकरांच्या घरात मराठी नांदत होती, हे खरे; मनूचे लग्न येथील गणेश मंदिरात लागले, हेही आपण अभिमानाने सांगतो. पण गौसखानाशी, बुंदेल्या शिपायांशी, शहरातल्या बायांशी राणी कोणत्या भाषेत बोलत असेल? आपण घरी मराठी बोलतो आणि कचेरीत हिंदी. म्हणून आपण दोन माणसे होत नाही. उलट, या भूमीची भाषा जिभेवर आली म्हणूनच ती या भूमीची राणी झाली. ती केवळ आपली राहिली असती, तर झांशी तिच्यासाठी लढली नसती.

मेहताब मूळची गुजरातेतील सचिनची, जन्मनाव नजमा. या चित्रपटानंतर ती पडद्यावर जवळजवळ दिसलीच नाही आणि 1997 साली निवर्तली. आज सत्तर वर्षांनंतर राणीवर नवे, अधिक वेगवान चित्रपट निघाले आहेत. तरुण नटींनी ती भूमिका केली आहे. तुलना करावयास हरकत नाही. मात्र आमची एवढीच विनंती, की हा जुना चित्रपट कोठे पाहावयास मिळाला तर ऐकीव मत बाजूस ठेवून तो पाहावा.

झांशीने आपल्या एका नटीला किल्ल्याच्या आत, गोलंदाजाच्या जोडीला जागा दिली. तिची जात, धर्म वा वय या नगरीने विचारले नाही. आपणही रसिक म्हणवितो. मग दुसरीला आपल्या आठवणीत थोडी जागा देणे आपल्याला जड का जावे?